बूच काढून दाखवा

हौशी मच्छीमार पूर्वी निरुपद्रवी प्राणी होता. जेटीच्या टोकाला गरी टाकून बसायचा, संध्याकाळी एखादं काळुंदर आणि भाजलेलं नाक घेऊन घरी परतायचा. बायकोने बाजारातून पापलेट आणून ठेवलेलं असायचं. संसार टिकायचा. आता त्याच्याकडे पैसा आलाय. गुहागरला प्लॉट झाला, जपानी रीळ झालं, खिसेच खिसे असलेलं जाकीट झालं. राहिली फक्त बोट. आणि खाडीत फिरवायला नको हं! खाडीत काय, कुणीही जातं. याला 'बाहेर' जायचंय, किनारा दिसेनासा होतो तिथे. सुरमई, कुपा, गोबरा. आंग्रिया बँकेचं नाव त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. ती विजयदुर्गापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत समुद्रात आहे, हे मात्र ऐकायचं राहून गेलेलं असतं.

मग स्वारी बोटींच्या प्रदर्शनात जाते. तिथे बोट गालिच्यावर उभी असते, वरून निळे दिवे सोडलेले असतात आणि शेजारी टाय लावलेला, पोहता न येणारा एक मुलगा असतो. आमचे गृहस्थ विचारतात, स्पीड किती? कपहोल्डर किती? फिशफाइंडरचा स्क्रीन किती इंची? मागे मिसेसना बसायला सोफा आहे का? मुलगा पटापट उत्तरं देतो आणि सगळी उत्तरं खरी असतात. बोट तासाला तीस सागरी मैल पळते, सहा जण बसतात आणि ती 'ऑफशोअर' आहे. गालिच्यावर आजवर एकही बोट बुडालेली नाही, तेव्हा वाद घालायला जागाच नाही.

माझं म्हणणं जरा असभ्य आहे. छोटी बोट चालते कशी, ते नंतर बघा. आधी बघा ती मरते कशी. ब्रोशरमधला प्रत्येक आकडा बोटीच्या आयुष्यातल्या सर्वात सुखाच्या क्षणी घेतलेला असतो: टाकी अर्धी, माणूस एक, पाणी तळ्यासारखं सपाट. तिला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. बाई गं, तू काठोकाठ भरलीस, इंजिन बंद पडलं आणि माझे तीन साडू घाबरून एकाच बाजूला धावले, तर तू काय करशील? टायवाल्या मुलाला हे विचारून बघा. तो मॅनेजरला बोलावतो. मॅनेजर हसतो आणि म्हणतो, "सर, निगेटिव्ह का विचार करताय?"

समुद्रात पॉझिटिव्ह थिंकिंग! कप्पाळ.

एवढं बोललं की कुणीतरी एक शूर पुरुष हमखास काढतो. नाव आठवत नसतं, पण 'तो एक गोरा होता बघा, एवढ्याशा होडीतून अटलांटिक पार केलेला' ही कथा तयार असते. होता की! ह्यूगो व्हिलेन. १९६८ साली जेमतेम सहा फुटी बोट घेऊन तो कासाब्लांकाहून निघाला आणि जवळपास तीन महिन्यांनी फ्लोरिडापाशी पोचला. बोटीचं नाव 'एप्रिल फूल'. माणसाला निदान विनोदबुद्धी तरी होती. आता आमच्या मंडळींचं प्रमेय ऐका: सहा फुटांत अटलांटिक होतो, तर अठरा फुटांत दाभोळ का होणार नाही? तर्कशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष. फक्त व्हिलेनची बोट वरून बंद होती, शिडावर चालत होती आणि तिच्यात बर्फाचा खोका, बिर्याणीचं पातेलं व साडू नव्हते. मासेमारीची बोट उघडी असते. उघडी असल्याशिवाय मासा आत घेता येत नाही, आणि उघडी असल्यामुळे समुद्रही आत येतो. दोघे एकाच दारातून येतात. शिवाय अटलांटिकमध्ये एकट्याने गेलेल्या ज्या शूरांच्या गोष्टी आपण ऐकत नाही, ते सांगायला परत आलेले नसतात, ही बारीकशी अडचण आहेच.

हा 'ऑफशोअर' शब्द कुठून आला, तेही बघू. युरोपात बोटींचं चातुर्वर्ण्य आहे. ए वर्ग महासागराचा, बी ऑफशोअरचा, सी किनाऱ्यालगतचा आणि डी बापडा तळ्यातला. बी वर्गाच्या बोटीने बोफर्ट मोजपट्टीवरच्या ८ पर्यंतच्या वाऱ्यात आणि ४ मीटरपर्यंतच्या लाटांत निभावून न्यावं अशी अपेक्षा असते. सी वर्गाने ६ पर्यंतच्या वाऱ्यात आणि २ मीटरपर्यंतच्या लाटांत. वाचायला किती छान! पण हे चार मीटर म्हणजे सगळ्यात मोठी लाट नव्हे. आलेल्या लाटांतल्या उंच अशा एकतृतीयांश लाटांची ती सरासरी. त्याच गर्दीतून मधूनच एखादी जवळपास दुप्पट उंचीची येऊ शकते आणि ती येताना वर्गाचं प्रमाणपत्र बघायला मागत नाही. याहून मोठी गंमत पुढे आहे. एकच बोट चार माणसांना बी वर्गाची आणि सहा माणसांना सी वर्गाची असू शकते. दोन माणसं चढली की जात बदलते! प्रमाणपत्र देणाऱ्यांनी हे स्वच्छ लिहिलेलं असतं. विकणारे पहिल्या ओळीतला 'बी' उचलतात, दुसऱ्या ओळीतले 'सहा' उचलतात आणि छापतात: सहा जणांची ऑफशोअर बोट. खोटं एक अक्षर नाही. संधी करायची ही पाणिनीला न सुचलेली रीत.

आता बोटीच्या मागच्या बाजूला या. सगळा घात तिथे आहे आणि तिथे कुणी बघत नाही, कारण फोटो नेहमी पुढून काढतात. आऊटबोर्ड इंजिन जिथे लटकतं त्या मागच्या फळीला ट्रान्सम म्हणतात. इंजिन नीट पाण्यात बुडावं म्हणून पुष्कळ छोट्या बोटींत ती फळी मध्येच खोल कापलेली असते. बाजू तीन फूट उंच, नाळ झोकात वर चढलेली आणि मागे इंजिनापाशी पाणी वीतभर खाली! मालवणच्या जेटीवर अशी एक कोरी फायबर बोट बांधलेली होती. मालक तिच्या रंगाचं कौतुक करून घेत होता. एक म्हातारा तांडेल आला, बोटीला काही बोलला नाही, वळसा घालून मागे गेला, वाकून बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "शेट, हिची मागली भिंत खंय गेली?"

मालक म्हणाला, डिझाइन आहे.

या डिझाइनला आपल्या किनाऱ्यावर विशेष महत्त्व आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो. तो पाठीशी घेऊन बोट मजेत बाहेर जाते, समुद्र कसा गुळगुळीत. सगळे म्हणतात, वा! दुपारी खारा वारा उठतो, बहुतेक वेळा वायव्येकडून, आणि पाणी फेसाळायला लागतं. घर पूर्वेला. म्हणजे परतताना लाट येणार मागून, तीही तिरकी. दिवसभराचा थकवा, मासा, बर्फ आणि माणसं सगळी मागच्या बाजूला, कारण सोफा तिथे आहे. ज्या बाजूला भिंत नाही ती बाजू समुद्राकडे करून हे लोक घरी यायला निघतात. पुढे खाडीच्या मुखाशी वाळूचा पट्टा असतो. सुकती लागलेली असली की खाडीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राची लाट आत येते आणि दोघांची जिथे गाठ पडते तिथे लाट उभीच्या उभी राहून फुटते. दहा मैल बाहेर न झालेलं संकट घराच्या उंबरठ्यावर होतं. कोकणातल्या कुठल्याही खाडीवरचा नाखवा भरतीची वेळ बघून आत शिरतो. आमचे गृहस्थ आत शिरतात ते टोलनाक्यावरच्या गर्दीची वेळ बघून.

बरं, पाणी आत आलं, तर जाईल की बाहेर! डेक सेल्फ-ड्रेनिंग आहे ना. हे दुसरं आर्षवाक्य. तत्त्व उत्तम आहे: डेक बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, कडेला भोकं, आलेलं पाणी आपोआप बाहेर. अट एवढीच, की डेक खरोखर वर असावा. रिकामी बोट असते तेव्हा तो असतो. मग दोनशे लिटर पेट्रोल, बर्फ, बॅटऱ्या आणि खाऊनपिऊन सुखी अशी चार माणसं चढतात. वर जुन्या सांगाड्याला नवं फोर-स्ट्रोक इंजिन लावलेलं असलं तर विचारूच नका. त्या काळच्या हलक्या टू-स्ट्रोकचा हिशेब धरून बनवलेली पाठ आणखी खाली बसते. आता भोकांतून पाणी आत यायला लागतं, पाय ओले होतात, सोफ्याची तक्रार होते. यावर शोधलेला उपाय मी डोळ्यांनी पाहिला आहे: भोकांत फडकं कोंबायचं. पाणी बाहेर जायची वाट, पाणी आत येतं म्हणून बंद! आणि त्यानंतरही ब्रोशरमध्ये डेक सेल्फ-ड्रेनिंगच.

हिशेब करा. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद डेक. त्यावर घोट्याएवढं, दहा सेंटिमीटर पाणी. झाले आठशे लिटर, म्हणजे आठशे किलोंच्या वर वजन. दहा-बारा माणसं न बोलावता बोटीत शिरली म्हणायची. आणि ही माणसं एका जागी बसत नाहीत. परातीतलं पाणी जसं परात कलली की त्याच बाजूला धावतं, तसं हे आठशे किलो वजन बोट ज्या बाजूला झुकेल त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी झुकवतं. त्याच क्षणी चारही जण 'अरे बघ बघ' करत त्याच बाजूला गेलेले असतात. बोट उलटायला वादळ लागत नाही.

म्हणून माझा सारा जीव फोमवर. डेकखालची पोकळी बंद पेशींच्या फोमने भरलेली असली, की बोट भरली तरी तरंगते. बॉस्टन व्हेलरवाल्या डिक फिशरने १९६१ साली 'लाइफ' मासिकासाठी आपल्या बोटीत बसून ती करवतीने मधोमध कापून घेतली आणि अर्ध्या बोटीत बसून निघून गेला. याला म्हणतात विक्रेता! आपल्या मॅनेजरला मी करवत आणायला सांगत नाही. अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक आऊटबोर्ड बोटींना कायद्यानेच सक्ती आहे, की भरून गेली तरी तिने आडवं, सरळ तरंगत राहावं, म्हणजे माणसांना धरून राहता येईल. आता यातला विनोद बघा. वीस फुटांच्या वर ही सक्ती संपते. म्हणजे सतरा फुटीवाल्याची बोट भरली तर तो गळ्यापर्यंत भिजून शिव्या देत तिच्यातच बसून राहील, आणि त्याच्याकडे तुच्छतेने बघणारा चोवीस फुटीवाला, फोम नसेल तर, त्याच्याकडे पोहत येईल. आपल्याकडे 'मोठी बोट सेफ' हे वाक्य ज्या आत्मविश्वासाने म्हटलं जातं, त्याच आत्मविश्वासाने पोकळ सांगाडे विकले जातात. फोमच्या जागी 'एअर टँक' आहे असं सांगतात. त्या टँकला वरून झाकण असतं. झाकणातून आत दोऱ्या, चपला आणि जुने बॅटरीचे डबे ठेवलेले असतात. अशी सच्छिद्र हवा कुणाला तारणार? जुनी बोट घेणाऱ्याने तर फोम आहे एवढ्यावरही खूश होऊ नये. वर्षानुवर्षं पाणी पिऊन तो जड झालेला असतो. काट्यावर चढवा तिला. कागदावरच्या वजनापेक्षा दोनशे किलो जास्त भरली तर ते पाणी आहे, माया नव्हे.

तळाच्या आकारावर मात्र सगळे विद्वान. व्ही खोल हवा, व्ही उथळ हवा, यावर रात्री जागवतात. रे हंट या माणसाने खोल व्ही तळ आणला, त्या तळाच्या 'मॉपी'ने १९६० ची मायामी-नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, तेव्हापासून खोल व्ही म्हणजे धर्म. लाट चिरत जातो, पाठीचे मणके वाचतात, कबूल. पण शर्यतीत बोट पळत असते. मासेमारीत ती थांबलेली असते. थांबली, की तीच खोल व्ही अशी डोलते की गळ बाजूला राहतो आणि सकाळची मिसळ बाहेर येते. चाचणीला नेतात तेव्हा विक्रेता बोट थांबवतच नाही, हे लक्षात आलंय का तुमच्या? थांबवायला लावा. अर्धा तास, लाटेला आडवी, इंजिन बंद. तिघांना एका कडेला उभं करा. पाणी काठापासून किती उरतं ते बघा. या अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं ब्रोशरच्या शंभर पानांत नसतं, आणि विक्रेत्याला उलटी झाली तर भावही उतरतो.

इंजिनाबद्दल एकच. 'दोन इंजिनं आहेत, एक गेलं तरी दुसरं आहे' असं सांगणाऱ्याला विचारा, टाकी किती? एक. फिल्टर? एक. मग पेट्रोलमध्ये पाणी आलं की दोन्ही इंजिनं एकाच मिनिटाला, अतिशय बंधुभावाने बंद पडतात. दुसरं छोटं इंजिन घ्या, पण त्याचं पेट्रोल वेगळ्या डब्यात ठेवा. टाकीचे तीन भाग करा. एक जायला, एक यायला, एक नशिबाला. आणि नांगर! बोटीबरोबर फुकट मिळणाऱ्या नांगराची दोरी बहुधा खाडीपुरती असते. तीस मीटर पाण्यात नांगर धरायचा तर पाचपट, सातपट दोरी सोडावी लागते. दीडशे-दोनशे मीटर. तेवढी ठेवायला जागा कुठे आहे? सोफ्याखाली. तिथे काय आहे? स्पीकर.

एवढ्यावरून कुणी समजू नये, की मी धंदेवाल्या दर्यावर्दींची आरती ओवाळतोय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग दर्यावर जायचं हा जुना शहाणपणा आहे. पण त्यांच्यातही एक स्थितप्रज्ञ पंथ आहेच: 'आमी दर्यात जन्मलो, आमाला जाकीट कशाला?' लाइफ जॅकेट तपासणीपुरतं असतं, एरवी उशाला. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नसते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं ते ऐन मासेमारीच्या मोसमात, आणि दर्यात जन्मलेल्यांना त्याने वेगळी वागणूक दिली नाही. हौशी माणूस या पंथाकडून नेमकी हीच एक गोष्ट शिकतो. त्यांची वाऱ्याची समज, भरतीचा हिशेब, 'आज नको' म्हणून नांगर न उचलण्याची अक्कल यातलं काही उचलत नाही, जाकीट न घालणं तेवढं उचलतो. किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायची असते, म्हणजे तो पडला तर इंजिन थांबतं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर वेगात जाताना ती लावणं सक्तीचं आहे. आमच्याकडे मी ती डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या गळ्यात पाहिली आहे. म्हणजे चालक पडला तर बोट पुढे जात राहील, गणपती पडला तर थांबेल.

तटरक्षक दलाचा १५५४ नंबर सगळ्यांनी फोनमध्ये सेव्ह केलेला असतो, हे कौतुकास्पद. फोनची रेंज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर संपते, हे तितकंसं नाही. व्हीएचएफ रेडिओ आणि चॅनेल १६ हवं, आणि त्याहून बाहेर जायचं असेल तर उपग्रहाला हाक मारणारं ईपर्ब हवं. हे सांगितलं की ऐकू येतं, "महाग आहे हो." हे वाक्य बोलणाऱ्याच्या हातातला रॉड किती हजारांचा, ते विचारून बघा.

तर घ्यावी कोणती? विचारताय म्हणून सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस, दहा-बारा सागरी मैलांची मजल, तीन माणसं, एवढ्याच बेताची हौस असेल तर वीस-बावीस फुटी चालेल. मागची भिंत पूर्ण असावी, किंवा इंजिनापुढे पाणी अडवून बाहेर टाकणारी खोल पन्हाळ तरी असावी. सगळं सामान भरल्यावर भोकांतून पाणी आत येता कामा नये. बाजू मांडीपर्यंत असावी, गुडघ्यापर्यंत असली तर वाकून मासा घेणारा मासा घ्यायला खाली जातो. डेकखाली फोम हवाच, कोरडा. रंग कुठलाही, फक्त निळा-पांढरा सोडून. शोधणाऱ्या हेलिकॉप्टरला समुद्र आधीच निळा-पांढरा दिसत असतो. आणि पैसे मोजण्याआधी एकच मागणी करा: बोट पाण्यात असताना, माझ्यासमोर, हिचं बूच काढून दाखवा.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना मी हे सगळं बोटीच्या आधी सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं, लिहूनही घेतलं. बोट घेतली चोवीस फुटी, कापलेल्या पाठीची, निळी-पांढरी. फोम भरून घ्यायचे विक्रेता वेगळे पैसे मागत होता. यांनी घासाघीस करून फोमच कटवला आणि वाचलेल्या पैशांत स्पीकर बसवले. बोलावलं होतं दाखवायला. स्पीकर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतात, असं खोक्यावर छापलेलं आहे. चष्मा लावून वाचून दाखवलं त्यांनी मला.